काळूची द्राक्षाची वाडी

काळू भोयेला कुणी गाव विचारलं, की तो एका शब्दात उत्तर द्यायचा, "नाशिक." तसं ते खोटंही नव्हतं. पेठ तालुका नाशिक जिल्ह्यातच येतो, आणि पेठच्याही पलीकडे, जिथे डांबरी रस्ता संपतो आणि समोर गुजरातचे डोंगर दिसायला लागतात, तिथे सादडपाड्याला काळूचं घर होतं. पण तिवरबंदरच्या लोकांना पेठ ठाऊक नव्हतं, सादडपाडा तर नाहीच नाही. त्यांना नाशिक ठाऊक होतं, आणि नाशिक म्हणजे द्राक्षं एवढंच ठाऊक होतं.

तिवरबंदर हे पालघरच्या किनाऱ्यावरचं कोळ्यांचं लहानसं गाव. खाडी समुद्राला मिळते तिथल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर ते वसलेलं आहे. एका अंगाला खाडी आणि तिवरांचं रान, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मध्ये घरं अशी दाटीनं उभी, की एकाच्या खिडकीतून दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते कळावं. दक्षिणेच्या टोकाला काळे खडक आहेत आणि त्यांच्यावर फिरंग्यांच्या वेळचा म्हणतात तो अर्धा ढासळलेला बुरूज. गावामागे मिठागरं. त्या मिठागरांमधून एकच रस्ता गावात येतो, आणि मोठ्या उधाणाच्या दिवशी तोही पाण्याखाली जातो. मग पाणी उतरेपर्यंत गाव बेट होऊन बसतं. शाळेचे मास्तर अलीकडे अडकतात, नवरदेव पलीकडे अडकतो, कुणाला त्याचं काही वाटत नाही.

या गावाचे काही रिवाज पूर्वीपासून चालत आलेले. गावात माणूस गेलं, की त्या दिवशी एकही होडी बंदर सोडत नाही. फार मागे एका वादळात गावच्या होड्या परतल्या नव्हत्या, त्या तिथीलाही कुणी समुद्रात जात नाही. बोंबील सुकवायला बांबूच्या वलांड्या उभारतात, त्यांच्या जागा दरवर्षी देवळासमोर चिठ्ठ्या टाकून ठरतात, म्हणजे वाऱ्याची चांगली बाजू एकाच घराकडे राहू नये. आणि कुणाची होडी फुटली, कुणाचं जाळं वाहून गेलं, की घरटी काहीतरी दिलं जातं. काय द्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. किती दिलं ते कुणी विचारायचं नाही.

त्या गावात काळू पहिल्यांदा आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याआधी तो आईबापांबरोबर दरसाल निफाडकडे द्राक्षाच्या बागांत मजुरीला जायचा. छाटणी, विरळणी, घड औषधात बुडवणं, ही सगळी कामं त्याच्या हातात लहानपणापासून बसलेली. बरीच वर्षं ते एकाच शेतकऱ्याकडे जात. त्यांचं नाव गेणूबापू. बापूंची बाग, बागेच्या तोंडाशी दुमजली घर, विहिरीवरचं जांभळाचं झाड, सगळं काळूला आपल्या घरासारखं पाठ होतं. मग बाप वारला, आणि हरसूलच्या एका मुकादमानं सांगितलं, की समुद्रावर होडीला माणसं पाहिजेत, ऑगस्टपासून मेअखेरपर्यंत सलग काम मिळतं. काळू गेला. समुद्र म्हणजे काय हे त्यानं तोवर फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिलं होतं.

बंदरावर उतरला त्या दुपारी ओहोटी होती. चिखलात होड्या कलंडून पडलेल्या. काळू वाळूवर बोचकं उशाला घेऊन झोपला. जागा झाला तो पायाला पाणी लागलं म्हणून. बघतो तर चिखल गायब, होड्या तरंगतायत आणि पाणी अंगावर येतंय. धरण फुटलं असावं असं वाटून तो "पळा, पूर आला!" असं ओरडत गावात धावत सुटला. बोंबील लावणाऱ्या बायका पोट धरधरून हसल्या. पोरांनी तर त्याच्या मागे मागे "पूर आला, पूर आला" करत गल्लीबोळ पालथे घातले. "डोंगरातली माणसं ही, भरती कुठली ठाऊक त्यांना," कुणीतरी म्हणालं.

त्याच संध्याकाळी तो हरेश्वर तांडेलाच्या ओटीवर जेवायला बसला. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या; हरेश्वरच्याच होडीवर काळूला काम मिळालं होतं. जेवायला वाढत होती हरेश्वरची आई, कुसाबाई. उंच, काळीसावळी, कानाच्या पाळ्या सोन्यानं ओघळलेल्या. तिनं त्याच्या ताटात मासळीचा तुकडा टाकत विचारलं, "कुठला रे तू, पोरा?"

"नाशिकचा."

"नाशिकचा! म्हंजे द्राक्षांचा मुलूख. तुमची वाडी असंल मंग द्राक्षांची?"

त्या किनाऱ्यावर बागेला वाडी म्हणतात. ओटीवर बसलेली बाकीची माणसं, दुपारी हसलेलीच, जेवता जेवता त्याच्याकडे बघायला लागली. काळूनं मान हलवली. बोलला काहीच नाही, नुसती मान हलवली.

"बघा," कुसाबाई बाकीच्यांना म्हणाली, "वाडीवाल्याचा पोर हाय. त्याला काय म्हनून ठावं असनार भरती?"

आणि कुणी हसलं नाही. काळूला ते फार बरं वाटलं. आणि पुढची बारा-तेरा वर्षं त्यानं ती हललेली मान सांभाळली.

सांभाळणं अवघडही गेलं नाही. कुणी विचारलं, तर तो गेणूबापूंची बाग सांगायचा. वेली कशा चढतात, घड कधी गोड होतात, दुमजली घर, विहिरीवरचं जांभूळ. त्यात एक शब्द बनवलेला नव्हता. फक्त ते त्याचं नव्हतं. हरसूलकडचा सुनील दुसऱ्या एका होडीवर खलाशी होता. त्याला खरं काय ते ठाऊक होतं, पण तो आपल्याकडचा माणूस. त्यानं कधी तोंड उघडलं नाही.

होळीला काळू घरी यायचा. परत निघताना तो उलट्या दिशेनं नाशिकला जायचा, तिथे मार्केटात द्राक्षांची पेटी घ्यायचा, आणि मग त्र्यंबक-जव्हार करत पालघरची एसटी धरायचा. मीना, त्याची बायको, विचारायची, "सरळ हरसूलवरनं जायचं सोडून नाशिकला कशाला जातोस?" तो म्हणायचा, "तांडेलाची कामं असतात." पेटीवर व्यापाऱ्याचं छापील नाव असायचं. ते तो एसटीत बसल्या बसल्या नखानं खरवडून काढायचा.

द्राक्षं आली की कुसाबाई स्वतः वाटायची. घरोघर एकेक घड. "आपल्या काळूच्या वाडीची," असं सांगून. गावातल्या बाळंतिणीला, आजारी माणसाला आधी. काळू तेव्हा जाळ्याशी काहीतरी काम काढून बसायचा. त्याला ते ऐकवायचं नाही. पण पुढच्या वर्षी पेटी नेल्याशिवाय राहवायचंही नाही.

दरम्यान तो समुद्र शिकला. पहिल्या वर्षी ओकून ओकून अर्धा झालेला माणूस, पुढे पुढे वाऱ्याच्या वासावरून हवा ओळखायला लागला. हरेश्वर त्याला होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, उभा करायचा, दोराचं काम त्याच्यावर सोपवायचा. नारळी पौर्णिमेला हरेश्वरच्या घरचा नारळ समुद्राला जायचा, तेव्हा कुसाबाई काळूच्या कपाळालाही हळदकुंकू लावायची. गावात त्याला कुणी डोंगरातला म्हणायचं नाही. वाडीवाला काळू म्हणायचे.

मग ती गारपीट झाली. होळी होऊन काही आठवडे झाले होते. त्या दुपारी होड्या बंदरात होत्या आणि हरेश्वरच्या घरात टीव्ही चालू होता. बातम्यांत निफाडकडच्या बागा दाखवत होते. मांडवासकट वेली आडव्या झालेल्या, चिखलात घड, बोरांएवढ्या गारा ओंजळीत घेऊन उभा असलेला एक म्हातारा. काळू दारात उभा होता. तो म्हातारा गेणूबापू नव्हता, पण बाग त्यांच्या शिवारातलीच दिसत होती. त्या बागांमध्ये काळूचं बालपण गेलं होतं. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

कुसाबाईनं तोंडावर हात ठेवला. "काळू, आपली वाडी पन त्यातच का रे?"

आपली वाचली, एवढं म्हणाला असता तरी निभावून गेलं असतं. पण म्हातारी 'आपली' म्हणाली होती. त्यानं मान खाली घातली. म्हातारीला त्यातूनच उत्तर मिळालं.

दोन दिवसांनी संध्याकाळी त्याला देवळासमोर बोलावणं आलं. जाऊन बघतो तर गाव जमलेलं. गावचे पाटील, वयानं थकलेले, पायरीवर बसले होते. त्यांनी त्याला जवळ बसवलं आणि म्हणाले, "काळू आपल्या बंदरावरचा मानूस. ज्याची होडी फुटते त्याला आपन देतो. ह्याची वाडी फुटली. काय फरक?" आणि लोक एकेक करत पुढे आले. कुणी तांदूळ दिले, कुणी सुके बोंबील, कुणी मीनासाठी लुगडं. होडीवर नवरा गमावलेली एक बाई होती, दुसऱ्याच्या वलांड्यांवर मजुरी करून पोट भरायची. तिनं पदराखालून जवळ्याची पुरचुंडी काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "वेल परत फुटंल, भाऊ. मुळं तर हायेत ना?"

काळूच्या ओठांपर्यंत शब्द आले होते. पायरीवरून उठावं आणि सांगून टाकावं. पण समोर गाव उभं होतं, आणि समोर हरेश्वर उभा होता, छाती काढून, आपला खलाशी म्हणून. काळूनं हात जोडले. लोकांना वाटलं, बिचाऱ्याला बोलवत नाही.

मेअखेरीस हंगाम संपला. जून आणि जुलैत मासेमारीला बंदी असते. काळू ते तांदूळ आणि ती सुकी मासळी घेऊन घरी आला. "तांडेलानं दिलं," म्हणाला. मीनाला फार आनंद झाला. तिनं शेजारणींना बोंबील वाटले. त्या तांदळाचा भात घरात शिजायचा आणि काळूला घास गिळवायचा नाही. पोटात दुखतंय म्हणून तो नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी मागून घ्यायचा. एकदा मीना ते लुगडं नेसून बाजाराला निघाली तर तो तिच्यावर उगाच ओरडला.

जूनच्या मध्यावर, भुरभुर पाऊस लागून राहिला होता तेव्हा, तो घरासमोरच्या चढावर भाताच्या रोपासाठी वाफा करत होता. खालून एक टेम्पो वर येताना दिसला. पाड्यावर टेम्पो सहसा येत नाही. टेम्पो त्याच्या घरापाशी थांबला आणि पुढच्या दारातून हरेश्वर उतरला. मग त्यानं हात धरून कुसाबाईला उतरवलं. मागून तिवरबंदरच्या आणखी दोन बायका उतरल्या.

काळूनं हातातलं खोरं तिथेच टाकलं. पुढे जावं की काय करावं, हे त्याच्या पायांनीच ठरवलं. तो मागच्या मागे सरला आणि एका सादडाच्या झाडाच्या बुंध्याआड उभा राहिला. तिथून त्याला सगळं दिसत होतं, ऐकू मात्र काही येत नव्हतं. मीना घरातून बाहेर आली. कुसाबाईनं तिचे दोन्ही गाल धरले, कुरवाळले. मग हरेश्वरनं आणि बायकांनी टेम्पोतून काहीतरी ओढून काढलं, हिरवं, भलंमोठं, गुंडाळलेलं. त्याचं एक टोक त्यांनी अंगणात पसरून दाखवलं.

जाळं होतं ते. जुन्या जाळ्यांचे चांगले तुकडे कापून, एकाला एक सांधून केलेलं. मे महिन्यात गावच्या बायका देवळामागे रोज काहीतरी शिवत बसायच्या, हे काळूनं पाहिलं होतं. विचारलं की त्या हसायच्या आणि कुसाबाई म्हणायची, "तुला काय करायचंय? जा तू." पुढच्या वर्षी गारा पडल्या तर वेलींवर टाकायला ते जाळं होतं.

काळूनं बघितलं, मीना काहीतरी बोलली. हरेश्वरनं चहूकडे नजर फिरवली. कौलारू घर, कुडाच्या भिंती, उतारावरचे नागलीचे तुकडे, खाली नदी. मग त्यानं मीनाला पुन्हा काही विचारलं. मीना गोंधळून उभी राहिली. कुसाबाई हळूहळू ओट्यावर बसली.

काळू झाडाआडून निघाला नाही. ती माणसं जेवेपर्यंत निघाला नाही, हात धुऊन टेम्पोत बसेपर्यंत निघाला नाही. टेम्पो वळणाआड गेला, आवाजही यायचा बंद झाला, तेव्हा तो उतरून घरी आला. जाळं ओट्यावर तसंच पडलेलं होतं.

मीना भांडी घासत होती. तिनं वर बघितलं नाही.

"कोन आलं होतं?" काळूनं विचारलं.

"तुला ठाऊक हाय कोन आलं होतं. झाडामागं उभा होतास. मला दिसलास तू."

काळू खाली बसला.

"म्हातारी म्हनली, तुमची वाडी कुठं हाय?" मीना म्हणाली. "मी म्हनलं, हीच की वाडी, आई. आपल्याकडं पाड्याला वाडी म्हनतात ना. ती हसली. म्हनली, आगं, द्राक्षांची. मी म्हनलं, द्राक्षं निफाडला असतात, आमी तिथं मजुरीला जायचो. मंग सगळी एकमेकांकडं बघाया लागली." तिनं हातातलं पातेलं आपटलं. "तवा कळलं मला काय झालंय ते. तुझा तांडेल लाल झाला. जाळं परत टेम्पोत टाका म्हनला. म्हातारी म्हनली, आनलंय ते राहू दे, आनि मला म्हनली, पोरी, भूक लागली, काय असंल ते वाढ. माझ्या हातची भाकर खाल्ली तिनं."

"माझं विचारलं?"

"विचारलं. मी सांगितलं, पेठला गेलाय बियाण्याला. ही गोरगरीब मानसं एवढा घाट चढून तुझ्यासाठी आली, आनि तू तिकडं झाडामागं, आनि मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलले. माझ्या घरात बसून, त्यांना जेवायला वाढता वाढता." तिचा आवाज फाटला. "गरिबीची लाज वाटली तुला? मला तर नव्हती वाटत. आता वाटती. तुझी वाटती."

त्यानंतर बरेच दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. काळूनं भात लावला, नागली लावली. चिखलात वाकून रोपं खोवताना तो मध्येच थांबायचा आणि कुणी बघत नसताना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचा. सुनील एकदा बाजाराला भेटला. त्यानं सांगितलं, की हरेश्वरनं पत्ता विचारला तेव्हा तो नाही म्हणू शकला नव्हता, आणि काळूला फोन लावायचा त्यानं फार प्रयत्न केला, पण पाड्यावर रेंज नाही. "यंदा गुजरातच्या होड्यांवर जाऊ," सुनील म्हणाला. "तिकडं आपल्याला कोन ओळखत नाय."

काळूलाही तेच बरं वाटलं. घरी येऊन त्यानं मीनाला तसं सांगितलं. मीनानं ओट्यावरच्या जाळ्याकडे बोट दाखवलं. "कुठंबी जा. पन आधी ते ज्यांनी शिवलं त्यांच्याम्होरं नेऊन ठेव."

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो तिवरबंदरला उतरला. जाळ्याचं ओझं खांद्यावर. मिठागरातल्या रस्त्यावर ओळखीची माणसं भेटली, त्यांनी बघितलं आणि वाट सोडून दिली. देवळासमोर सजावटीचं काम चालू होतं. पाटील पायरीवर होते. काळूनं जाळं त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "मला बोलायचंय. सगळ्यांसमोर."

लोक जमले. हरेश्वरही आला आणि कडेला उभा राहिला. कुसाबाई बायकांमध्ये बसली होती.

"माझी वाडी नाय," काळू म्हणाला. "कधी नव्हती. द्राक्षं बाजारातनं आनायचो. मी दुसऱ्याच्या बागेत मजूर होतो. तुमी दिलेले तांदूळ मी घेतले, घरी नेले." आणखी बरंच काही ठरवून आला होता. वाटेत एसटीत पाठ केलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. "पहिल्या दिवशी सगळे हसले होते, म्हनून..." एवढं म्हणाला आणि ते इतकं पोरकट वाटलं, की तिथेच थांबला.

कुणीतरी मागून फिदीफिदी हसलं. एक तरुण पोर पुढे आला, "त्या विधवेचा जवळा पन खाल्लास ना रे?" ती बाई तिथेच होती. ती पदर सारखा करत दुसरीकडे बघत राहिली. काळूला वाटलं, तिनं चारचौघांत चप्पल मारली असती तर परवडलं असतं.

"बस झालं," पाटील म्हणाले. "मानूस आपन होऊन आलाय. आता ज्याला जे वाटतं ते त्यानं करावं."

मग हरेश्वर बोलला. आवाज चढला नव्हता. "काळोखात मी जाळ्याचा दोर सोडतो, तवा पलीकडनं कोनतरी 'धरला' म्हनतो. मला काय दिसत नाय. त्याच्या बोलन्यावर मी सोडतो. इतकी वर्सं तू 'धरला' म्हनायचास आनि मी सोडायचो. आता मला दोर सोडवनार नाय. माझ्या होडीवर नको तू."

काळूनं मान डोलावली. त्याला त्यात अन्याय दिसला नाही.

गुजरातला मात्र तो गेला नाही. बंदरावर बर्फ फोडायला आणि पेट्या चढवायला माणूस लागतो, ते काम पाटलांनी त्याला दिलं. जाळ्याचं पुढे काय झालं ते त्यानं विचारलं नाही. बायकांनी उसवून त्यातले तुकडे परत कामाला घेतले असावेत.

तो हंगाम त्याला फार जड गेला. कुणी टोमणे मारले असते, भांडलं असतं, तर निदान बोलणं झालं असतं. तसं कुणी केलं नाही. लोक कामाचं बोलायचे, चहा द्यायचे, बसायला जागा द्यायचे. फक्त त्याला घरचं विचारायचं सगळ्यांनी सोडून दिलं होतं. पूर्वी रस्त्यात गाठून विचारायचे, आई कशी आहे, पाऊस झाला का, पोरं शाळेत जातात का. आता कुणीही विचारेना. विचारून काय उपयोग, हा जे सांगेल ते कशावरून खरं? आपल्या बोलण्याला आता किंमत नाही, हे त्याला दिवसातून कितीदा तरी कळायचं. हरेश्वरची होडी यायची तेव्हा तो बर्फाच्या ढिगाआड जाऊन उभा राहायचा, आणि मग आपण पुन्हा आडच उभे आहोत हे ध्यानात येऊन आणखी शरमायचा.

मार्गशीर्षात बोंबलांचा मोठा माल आला. सगळ्या वलांड्या भरल्या. माणसं कमी पडली म्हणून काळूही टोपल्या वाहत होता. कुसाबाई एका वलांडीखाली फळकुटावर बसून बोंबलांच्या जोड्या लावत होती. एकाच्या जबड्यात दुसरा अडकवायचा आणि बांबूवर टाकायचा. थोड्या अंतरावर हरेश्वर पाठमोरा बसून जाळं सांधत होता. काळूनं टोपली म्हातारीपाशी ठेवली आणि नेहमीप्रमाणे न बघता वळला.

"काळू," कुसाबाई म्हणाली.

देवळासमोरच्या त्या दिवसानंतर तिनं त्याचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. तो थांबला.

"तुझ्या घराखाली ती नदी हाय. तिला उन्हाळ्यात पानी राहतं का रे?"

"राहतं," असं त्याच्या जिभेवर आलं. अगदी आपोआप आलं. या गोष्टीत खोटं बोलून मिळायचं काय होतं, पण आलं. त्याचा चेहरा तापला. त्यानं ते गिळलं.

"नाय राहत, आये," तो म्हणाला. "होळीपर्यंत आटती. आमच्याकडं पाऊस लय, पन सगळं पानी वाहून जातं."

"मंग?"

"मंग नदीत खड्डे खोदतात. झिरपून येतं तेवढं वाटीनं भरतात. ते पन आटलं की बाया डोंगर उतरतात."

म्हातारीचे हात चालूच होते. "आनि ती नाचनीची भाकर केली होती तुझ्या बायकोनं, ती तुमच्याच शेतातली?"

"आमच्याच. उतारावर पिकती. फार नाय होत. दिवाळीनंतर महिना-दीड महिना पुरती, मंग निफाडला जायचं मजुरीला. पूर्वी सगळा पाडा जायचा, घरांना कुलूप. आता निम्मे जातात." बोलता बोलता तो टोपलीशेजारी उकिडवा बसला होता. सादडपाड्याबद्दल इतकं सलग तो या गावात कधी बोलला नव्हता. खरं म्हणजे कधीच बोलला नव्हता. शब्द शोधावे लागत होते. गेणूबापूंची बाग सांगताना कधी शोधावे लागले नव्हते. पाड्याचं नाव कशावरून पडलं, डोंगरावरचा देव कोणता, गवरीच्या दिवसांत बायका कशा नाचतात, त्याची आजी वाघाला बघून कशी झाडावर चढली होती, हे सगळं तो अडखळत सांगत राहिला. मध्येच त्याला वाटायचं, हे तरी हिला खरं वाटत असेल का, आणि वाक्य तसंच तुटायचं. म्हातारी पुढचं विचारायची. कधी एक शब्द, कधी नुसतं "हं."

हरेश्वरचा हात थांबला होता. त्यानं वळून बघितलं नाही. जाळ्याच्या एका गाठीकडे बघतच तो म्हणाला, "बाया डोंगर उतरून पानी आनतात, तर मंग गुरांना कुठलं पाजता?"